पिल्लाच्या पोटातला दिवा

मी एक जुना जिवाणू आहे. वय मात्र विचारू नका. बोलता बोलता माझे दोन होतात आणि त्यातला जुना कोण, हे मलाही सांगता येत नाही! स्वस्थ बसणं माझ्या रक्तात नाही. (रक्तच नाही म्हणा.) शेपटी सारखी चालू.

मित्रांनो, माझं घर म्हणजे माकूल, दहा हातांचा मऊ समुद्री प्राणी. त्याच्या पोटाशी छोटी पिशवी असते. तिथे तो आम्हाला खाऊ देतो, आम्ही त्याला उजेड देतो. चांदण्यात त्याची सावली खाली दिसली, की मोठे मासे टपलेलेच! आमच्या उजेडाने ती सावलीच पुसली जाते. एवढं करूनही आमच्या माकुलीणबाई रोज पहाटे बहुतेकांना बाहेर हाकलतात. त्या दिवशी माझा नंबर लागला.

मी टाकीच्या पाण्यात येऊन पडलो. टाकी दोन बहिणींच्या प्रयोगशाळेतली. शेजारच्या काचपात्रात बाईंची पिल्लं नुकतीच अंड्यातून निघाली होती. त्यांना समुद्रात सोडायचं होतं. पण थोरली उजेड मोजायच्या यंत्रापुढे कपाळाला हात लावून बसली होती.

"सगळी अंधारी! अशी सोडली तर माशांची मेजवानीच. पाणी कुठलं घातलंस गं?"

"दोनदा गाळलेलं," धाकटी ऐटीत म्हणाली. "एक जंतू शोधून दाखव!"

"अगं बाई, पिल्लं वाढवायची होती, ऑपरेशन नव्हतं करायचं! दिवा लावणारे जंतूच गाळलेस की! आईच्या टाकीतलं पाणी कुठंय?"

"हे काय, मोरीत ओततेय."

"थांब!!"

टाकीतून उपसलेल्या पाण्याची बादली तिरकी झालीच होती, आणि त्या पाण्यात मीही होतो. माझे कितीतरी भाऊ धारेबरोबर गेले. मी काठाशी गरगरत होतो. तेवढ्यात एका वाटीने मला उचललं आणि पिल्लांच्या पात्रात सोडलं.

तिथून खरी धडपड. पिल्लाच्या अंगच्या चिकट स्रावात मी अडकलो, सुटलो, पुन्हा अडकलो. पुढे अरुंद वाटा, त्यात झोंबणारी रसायनं. भलतेसलते जंतू मागेच राहिले. मी पिशवीत पोहोचलो खरा, पण एकट्याने उजेड पडतो थोडाच? एकाचे दोन, दोनाचे चार होत राहिलो. पुरेशी गर्दी जमली आणि आम्ही सगळे एकदम उजळलो!

दुसऱ्या दिवशी यंत्राचा आकडा हलला.

"लागला गं दिवा!" थोरली ओरडली.

"ताई, हळू! घाबरतील ना ती."

आज पिल्लं समुद्रात निघाली आहेत. माझा जीव थाऱ्यावर नाही, खाली कोण टपलंय कुणास ठाऊक! म्हणून घाईघाईने सांगतो, मित्रांनो. घासा, पुसा, खुशाल चकचकीत करा. फक्त त्याआधी एकदा विचारा, इथं कुणी राहतं का?