नळकाकांच्या घरातली गळती

मी एक जुना फिन आहे. असं तोंड वेंगाडू नका मित्रांनो, फिन म्हणजे काय ते सांगतो. व्हिएतनामी कॉफी गाळायचं भांडं म्हणजे मी. दिसायला एखाद्या रुबाबदार साहेबाच्या हॅटसारखा! खाली बशीसारखी रुंद कड, तिच्यावर पेल्याएवढं पोट, पोटात बसणारी गोल चाळणी आणि डोक्यावर झाकण. मला ग्लासवर बसवायचं, पोटात कॉफीची पूड घालायची आणि गरम पाणी ओतायचं. पुढचं सगळं मी करतो. पण माझ्या सवडीनं हं! एक थेंब. मग आणखी एक थेंब. मग जरा दम खाऊन तिसरा. उतावळ्या माणसांचं आणि माझं कधी जमलंच नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा पत्रा दाबून मला पोट दिलं आणि तळाला बारीक बारीक भोकं पाडली. अगदी शेवटच्या टेबलापाशी एक बाई बसायची. ती आमच्यातल्या एकेकाला खिडकीकडे धरून तळातून येणारा उजेड बघायची. माझी पाळी आली तेव्हा तिच्या गालावर उजेडाचे ठिपके पडले आणि ती किंचित हसली. मित्रांनो, ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. ती मी अजून विसरलेलो नाही.

तिथून मी एका नर्सच्या सामानातून दूरच्या एका शहरात आलो. नर्सेसच्या वसतिगृहात तिच्या खोलीत आणखी एक नर्स राहायची. या दुसरीला घरी सगळे ‘आत्या’ म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणतो. दोघींची मैत्री जमली आणि मैत्रिणीनं आत्याला माझी सगळी रीत शिकवली. ग्लासात आधी कंडेन्स्ड मिल्क. पूड घातल्यावर चाळणी अलगद टेकवायची, दाबायची नाही. पहिल्यांदा अगदी थोडं पाणी, पूड फुगेपर्यंत. मग भरपूर पाणी आणि झाकण.

“आणि आता?” आत्यानं विचारलं होतं.

“आता काही नाही. बसायचं,” मैत्रीण म्हणाली.

दिवसभर वॉर्डात धावून पायांचे तुकडे पडलेल्या त्या दोघी माझ्यासमोर नुसत्या बसायच्या. काय गप्पा मारायच्या म्हणून सांगू! पुढे मैत्रीण आपल्या देशात कायमची परत गेली आणि जाताना मला आत्याच्या हातात देऊन गेली. त्यानंतर माझे वाईट दिवस सुरू झाले. आत्याला समोर बसायला कुणी उरलं नाही. ती उभ्या उभ्या चहा ढोसायची आणि पळायची. मी कपाटात पायमोज्यांच्या शेजारी पडून राहिलो. माझ्या अंगाला कॉफीचा वास होता, तो जाऊन साबणाचा लागला. याहून मोठा अपमान कोणता?

मग एके दिवशी आत्यानं मला मोज्यात गुंडाळलं, बॅगेत टाकलं आणि आम्ही सुट्टीला तिच्या माहेरी आलो.

हे घर नळकाकांचं. नळकाका म्हणजे आत्याचे वडील. जन्मभर प्लंबिंगचं काम केलं. आता काम सोडलं तरी आख्खी गल्ली त्यांना नळकाकाच म्हणते. त्यांच्या घरात एकही नळ गळत नाही. गळायची हिंमतच नाही! या घरात त्यांची नात आहे. तिचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं, म्हणून तिला सगळे टकळी म्हणतात. आणि या घरात एक शांतताही होती. टकळीची आजी अचानक वारली तेव्हा आत्या वेळेवर पोचू शकली नव्हती. नळकाका त्यावर एका शब्दानं बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं “जेवलीस?” “हो.” “तब्येत?” “बरी.” एवढ्यावर आटपायचं.

पहिल्याच सकाळी आत्यानं मला ओट्यावर मांडलं. मी कामाला लागलो तोच नळकाका हातात पाना घेऊन स्वयंपाकघरात!

“काहीतरी गळतंय!”

“गळत नाहीये बाबा. कॉफी होतेय.”

नळकाकांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. एक थेंब पडला. त्यांनी वाट पाहिली. दुसरा पडला.

“चोंदलंय हे.”

“असंच असतं ते.”

आता पाना घेऊन आलेल्या माणसानं करायचं काय? नळकाका खुर्ची ओढून बसले. आत्या समोर बसली. मधे मी. माझे चार-पाच थेंब पडले. मग नळकाकांनी घसा खाकरला.

“तिकडं पाणी कसंय? जड आहे का?”

“जड आहे. किटलीत पांढरा थर धरतो.”

“मग व्हिनेगर घालून उकळायचं. खरवडायचं नाही. किटली खराब होते.”

“बरं.”

तुम्ही म्हणाल, हे काय बोलणं झालं? पण मी जवळ होतो, मित्रांनो. “तू तिकडं एकटी कशी राहतेस गं?” हेच त्यांनी विचारलं होतं. फक्त त्यांना पाण्याबद्दलच विचारता येत होतं.

दुसऱ्या दिवशी नळकाका तिच्या आधी ओट्याशी हजर! मग रोजचंच झालं. मी गाळायचो आणि ती दोघं बोलायची. आधी पाइपांबद्दल, मग वॉर्डातल्या खोडकर पेशंटबद्दल, मग हळूच, अगदी हळूच, आजीबद्दल. टकळीसुद्धा तेवढा वेळ गप्प बसायची. तिच्या आईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही!

एका दुपारी टकळी मला पुसत होती. तिनं विचारलं, “आत्या, तू परत जाणार?”

“इथल्या दवाखान्यात जागा आहे. शनिवारपर्यंत कळवायचंय.”

“मग कळव ना! हो म्हण!”

आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मला राहा असं कुणी म्हटलंय का?”

“मी म्हणते की!”

“तू गं काय, तू तर भाजीवाल्यालाही राहा म्हणशील.”

कुणी म्हणायला हवं होतं, ते मला कळलं आणि टकळीलाही कळलं. नळकाका मात्र भलत्याच विचारात होते. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की आपली लेक कपभर कॉफीसाठी रोज ताटकळत बसते. आणि आपण बाप प्लंबर असून नुसते बघतो? छे!

आत्या बाहेर गेल्यावर त्यांनी मला हत्यारांच्या पेटीपाशी नेलं. स्वच्छ धुतलं. मऊ फडक्यावर ठेवलं. मग बारीक ड्रिल घेऊन माझ्या तळाचं एकेक भोक मोठं केलं. मधेमधे फुंकर मारून कीस उडवत होते, चष्मा पुसत होते, स्वतःशीच म्हणत होते, “आता बघ पोरी, कशी धार लागते.” मित्रांनो, इतक्या मायेनं कुणी कुणाला भोकं पाडली नसतील!

दुसऱ्या सकाळी पाणी ओतलं मात्र, भसकन सगळं खाली! वर पूड तरंगणारं गढूळ पाणी पाहून मलाच माझी लाज वाटली.

“बघ!” नळकाका खूश. “झालीसुद्धा! चोंदलं होतं, मोकळं केलं.”

आत्यानं मला उचलून तळ पाहिला. मैत्रिणीची एवढी एकच वस्तू तिच्यापाशी होती. पण ती रागावली नाही. नुसतं म्हणाली, “मला घाई कुठं होती, बाबा?”

आणि आत गेली. थोड्या वेळानं कपाटावरून बॅग खाली ओढल्याचा आवाज आला.

नळकाका टकळीकडे वळले. “मी तर तिच्या सोयीसाठी केलं गं,” ते म्हणाले.

“आजोबा, तुम्ही पण ना!” टकळीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “ते गळायचं म्हणून तर तुम्ही दोघं बसायचात! आता गळतच नाही, मग तुम्ही कशाला बसाल?”

नळकाकांनी मला उलटं करून भोकं पाहिली. मग त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा काढला, त्याचं झाकण धुतलं, कात्रीनं माझ्या तळाच्या मापाचं गोल कापलं आणि काठ घासून गुळगुळीत केले. टकळीनं शिवणाची सुई आणली. सुई पत्र्यावर ठेवायची, छोट्या हातोडीनं टिचकी मारायची, की एक भोक. पण बारीक सुई नळकाकांच्या जाड बोटांत ठरेना. सुई टकळीनं धरली आणि हातोडी त्यांनी. तिच्या बोटावर दोनदा बसली, पण पोरगी हूं का चूं करेल तर शपथ.

शेजारच्या काकू दारात आल्या. “नळकाका, आमचा बेसिनचा नळ गळतोय हो!”

“गळू दे!” आतून आवाज आला. “मी इथं गळती लावतोय!”

काकू तोंडावर हात ठेवून परत गेल्या. पहिली चकती माझ्या तळाशी बसवून पाहिली, तर पाणी भरभर गेलं. दुसरी चकती केली, तर त्यातून थेंबही पडेना, आणि गळत नाही म्हणून नळकाका जन्मात प्रथमच हवालदिल झाले. तिसरी चकती माझ्या तळाशी बसवून त्यांनी मला खिडकीकडे धरलं. त्यांच्या सुरकुतलेल्या गालावर उजेडाचे ठिपके पडले. थोडे वाकडेतिकडे, पण पडले! कारखान्यातली ती बाई आठवली मला.

पाणी ओतलं. वाट पाहिली.

टप.

“आजोबा, अभिनंदन!” टकळी ओरडली. “गळतंय!”

शनिवारी सकाळी बॅग दाराशी उभी होती. ओट्यावर मी उभा होतो. कंडेन्स्ड मिल्क नळकाकांनी घातलं, चाळणी अलगद टेकवली, आधी थोडंच पाणी ओतलं. लेकीनं सांगितलेलं काहीही विसरले नव्हते.

“ये. बस.”

आत्या बसली. माझा पहिला थेंब पडला तशी ती माझ्याकडे, मग वडिलांच्या हाताकडे बघायला लागली.

“इथल्या दवाखान्यात पाणी कसंय?” नळकाकांनी विचारलं.

“मी नळ उघडून नाही बघितला.”

“मग बघायला हवं. एक दिवस बघून कळत नाही. रोज बघावं लागतं.”

“म्हणजे काय, बाबा? नीट सांगा.”

नळकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मला जे येतं तेच केलं. मी आणखी हळू झालो. एक थेंब. जरा दम. आणखी एक थेंब.

“म्हणजे राहा,” नळकाका म्हणाले. “तुझी आई गेली तेव्हा मी तुला काहीतरी बोलायला हवं होतं. मला जमलं नाही. आता राहा.”

आत्या हसली आणि रडलीही, आणि टकळीनं धावत जाऊन बॅग उलटीच केली. सगळे पायमोजे जमिनीवर!

आता मी म्हातारा झालोय. कडेला पोचे आहेत, झाकण नीट बसत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर माझं एवढं ऐका, मित्रांनो. मला धुतल्यावर लगेच पुसून ठेवा. माझी चकती डब्याच्या पत्र्याची आहे, ओली राहिली तर गंजते. चाळणी दाबू नका. झाकण उचलून सारखं डोकावू नका. आणि एखादं भांडं हळू चालत असेल, तर ते बिघडलंय असं लगेच ठरवू नका. आधी विचारा.

रोज सकाळी आत्या ड्यूटीवर निघायच्या आधी आम्ही तिघं बसतो. ग्लास भरला की ती घड्याळ बघत उठायला लागते. तेव्हा नळकाका म्हणतात, “थांब गं, अजून एक थेंब आहे.”

खरं तर नसतो. पण ते म्हणाले, की मी कुठून तरी काढतो.