बिगी नको

या, असे जवळ सरकून बसा. आज सांगतो ती कथा पुराणातली न्हाय, बेळगावातल्या शहापूरच्या एका गच्चीवरची आहे. पण तिच्यात गुरू आहे, शिष्य आहे आणि देवाच्या आकाशातले तारे आहेत. कथेला आणखी काय लागतं?

निपाणीचे भुजबली आप्पा हातानं काच घासून दुर्बिणीचे आरसे करायचे. खानापूरकडचा महादेव, बेळगावात विमा कचेरीत नोकरीला, हा त्यांचा शिष्य. आप्पांनी शेवटचा आरसा त्याला दिला आणि नळीत कसा बसवायचा ते अंथरुणावरूनच सांगितलं. पुढं थोड्याच दिवसांत आप्पा गेले.

महादेवनं आरसा बसवला, कॅमेरा जोडला, फोटो काढले. एक तारा गोल येईल तर शपथ. सगळे तिकोनी.

त्याची बायको रचना म्हणाली, "तारे हायत का शिंगाडे?"

महादेव रीतीनं शोधणारा माणूस. तारे एकाच दिशेला लांबट आले असते, तर दुर्बीण आकाशामागं नीट फिरत न्हाय म्हणता आलं असतं. नुसते कोपऱ्यातले बिघडले असते, तर कॅमेरा तिरका बसलाय म्हणता आलं असतं. इथं मधला तारासुद्धा तिकोनी. त्यानं कॅमेरा फिरवून लावला, तर फोटोतली टोकंही फिरली. म्हणजे दोष कॅमेऱ्यात न्हाय, नळीत. नळीतला लहान आरसा बदलून बघितला, तरी तेच. उरला आप्पांचा मोठा आरसा.

बेळगावच्या कॅम्प भागात राहणारे, महादेवसारखेच तारे बघणारे मित्र म्हणाले, "आजारपणात घासलेला. हात चालला नसंल त्यांचा. कारखान्यातला मागव."

महादेवला जेवण गोड लागेना. त्याच आठवड्यात आप्पांची लेक प्रणिता वडिलांच्या आरशातला फोटो बघायला येणार होती.

ती आली, जैनांच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवली आणि गच्चीवर गेली. महादेवनं काही न लपवता फोटो दाखवले.

"आरसा बिघडलाय म्हणतात, आक्का."

"तुम्ही पण म्हणताय?"

"मी न्हाय. तारे म्हणतात."

"बसवताना घाई केली असंल, अण्णा."

"घाई कुठली? आप्पांनी बजावलं होतं, चिमट्यांचे स्क्रू लावताना बिगी नको, महादेवा. म्हणून एकेक स्क्रू सावकाश, पार हलायचा बंद होईस्तोवर आवळला."

प्रणिता हसायला लागली आणि हसताहसता तिनं डोळे पुसले. "आप्पा घरात कन्नड बोलायचे. कन्नडात बिगी म्हणजे घट्ट. घट्ट आवळू नको म्हणालते ते."

महादेवला कन्नड येत होतं, कचेरीत दिवसभर तेच बोलायचा. पण आप्पा त्याच्याशी कायम मराठीत बोलत, म्हणून त्याला मराठीतलं, घाईचं बिगीच ऐकू आलं.

"जन्मात एकदा काम सावकाश केलं," रचना म्हणाली, "तेच नडलं बघा."

आवळलेले चिमटे आरशाची काच दाबून वाकवत होते. आरसा धरायला चिमटे तीन, म्हणून ताऱ्याला टोकं तीन. चिमट्याखाली कागद सरकेल इतके स्क्रू महादेवनं सैल केले. अंधार पडल्यावर फोटो काढला. तारा गोल. शेजारचाही गोल, कोपऱ्यातलाही.

प्रणिता कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली. "आप्पांचा हात चालत होता," एवढंच म्हणाली.

महादेवनं तो फोटो कॅम्पातल्या मित्रांना धाडला, खाली एक अक्षर न लिहिता.

तर मंडळी, घरी जाऊन कुठला स्क्रू आवळायला बसलात, तर शेवटचा फेर द्यायच्या आधी क्षणभर थांबा, आणि निपाणीच्या भुजबली आप्पांची तेवढी आठवण काढा.