अधिक महिन्याचे वीस दिवस

काशीत संकठा घाटाच्या पायऱ्या चढून आलं की दुसऱ्या गल्लीत दत्तात्रेयशास्त्र्यांचं, म्हणजे बुवांचं घर. चाळीस वर्षं लोक मुहूर्त काढून घ्यायला तिथे येत होते आणि चाळीस वर्षांत बुवांच्या गणिताला बोट लावायची कोणाची प्राज्ञा झाली नव्हती. आपल्या मराठी घरांचे महिने वेगळे, शेजारच्या बनारसी घरांचे पंधरा दिवस आधी लागणारे. बुवांना दोन्ही तोंडपाठ. इंग्रजी तारीख त्या घरात फक्त विजेच्या बिलापुरती लागायची.

अशा घरात पौषातल्या एका सकाळी कॅनडाहून मेल आला. वेदपाठशाळेत शिकवणाऱ्या सुमंतने, बुवांच्या मुलाने, तो मोबाइलवर दोनदा वाचला आणि तो बुवांसमोर येऊन बसला.

"अप्पा, त्यांनी मला खोटारडा ठरवलंय."

झालं होतं ते असं. सुमंतची थोरली बहीण कालिंदी टोरांटोजवळ राहते. तीन वर्षांपूर्वी तिचं बाळंतपण आलं. आई तर कधीच गेलेली. बाळंतपणाला भाऊ जातो हे कोणी ऐकलंय का? पण सुमंत गेला. डिंकाचे लाडू वळले, अळिवाची खीर केली, बाळाला तेल लावलं. पाहुण्याला तिथे सहा महिने राहता येतं, तो साडेसहा महिने राहिला, आणि ते साडेसहा आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं. बाळाचं वजन करायला घरी मधुवंती नावाची नर्स यायची. नागपूरची, लहानपणीच तिकडे गेलेली. ती आधी बाळासाठी यायची, मग खिरीसाठी, आणि नंतर कशासाठी ते सगळ्यांना दिसतच होतं. गेल्या माघात दोघांचं काशीत लग्न झालं. लग्नानंतर पंधरा दिवसांनी ती कामावर परत गेली आणि नवरा म्हणून सुमंतला तिकडे नेण्यासाठी दोघांनी अर्ज केला.

अर्जात एक प्रश्न होता: दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस कधी राहिलात का? सुमंतने 'नाही' लिहिलं. अगदी स्वच्छ मनाने लिहिलं.

आता मेल म्हणत होता की तुम्ही २२ मार्चला आलात, मुदत २२ सप्टेंबरला संपली, आणि आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही १२ ऑक्टोबरला देश सोडलात. वीस दिवस जास्त. तीस दिवसांत खुलासा द्या. तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहिलंत असं ठरलं, तर पाच वर्षं अर्ज करता येणार नाही.

"त्यांचंच काहीतरी गलत आहे," बुवा म्हणाले आणि त्यांनी त्या वर्षीचं पंचांग काढलं. सुमंत उतरला तो गुढीपाडव्याला. चैत्र शुद्ध प्रतिपदा. तिथून सहा महिने म्हणजे आश्विन शुद्ध प्रतिपदा, घटस्थापना. तो निघाला घटस्थापनेच्या तीन दिवस आधी. "तीन दिवस हातचे राखून मी तारीख दिली होती! माझ्याकडून असं…"

बुवांचं बोट श्रावणावर थांबलं. त्या वर्षी श्रावण दोन होते. एक अधिक, एक निज. अधिक महिना वेगळा धरायचा नसतो, तो निजातच मिळवायचा, हे बुवांनी शेकडो लोकांना शिकवलं होतं. चैत्र ते आश्विन सहाच महिने. पण विमानतळावरच्या शिक्का मारणाऱ्या माणसाला अधिक श्रावण कुठून ठाऊक असणार? कालिंदी तेव्हा बाळात गुंतलेली, सुमंत अप्पांच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हे. परतीची तारीख बुवांनीच फोनवरून सांगितली होती.

बुवांनी पंचांग मिटून जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते कोणाला न सांगता ई-रिक्षाने शहरातल्या सिगरा भागात गेले. तिथे कुणाल नावाचा एक जण व्हिसाची कामं करून देतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

"पंडितजी, टेंशन मत लीजिए. लिख देंगे कि लड़के को पीलिया हो गया था. डॉक्टर का सर्टिफिकेट मैं बनवा दूँगा."

एरवी बुवांनी त्याला तिथल्या तिथे झाडला असता. पण खरं सांगायचं तर त्यांना ते ऐकून बरं वाटलं. कावीळ झाली म्हटलं की कोणाचीच चूक उरत नव्हती. ना मुलाची, ना गणिताची. ते मान हलवून घरी आले.

"तुला कावीळ झाली होती," त्यांनी सुमंतला सांगितलं.

"मला? कधी?"

पुढच्या सकाळी सहाला, म्हणजे तिकडे अजून आदली संध्याकाळ असताना, मधुवंतीचा व्हिडिओ कॉल आला. ती कामाच्या कपड्यांतच होती. तिने कावीळ ऐकली आणि ती आधी हसलीच.

"अप्पा, ज्या दिवशी मुदत संपली ना, त्या दिवशी कालिंदीताईंकडे गौरी जेवत होत्या. ह्यांनी सहा पुरणपोळ्या खाल्ल्या. मी वाढल्यात. कावीळ झालेला माणूस असा जेवतो?"

"ते त्या साहेबाला कोण सांगायला जातंय?"

आता मात्र ती हसली नाही. "अप्पा, मी रोज पेशंटच्या कागदांवर सही करते. खोट्या कागदावर आजवर केली नाही. ह्या अर्जावर माझीही सही आहे. सर्टिफिकेट खोटं निघालं, तर पाच वर्षं आम्ही असेच फोनवर संसार करणार."

"मग लिहायचं तरी काय?"

"जे झालं ते."

"म्हणजे माझी चूक झाली."

"मी असं म्हटलं नाही, अप्पा. तुमच्या तिथी बरोबरच होत्या. पण ते लोक तारखेनं मोजतात, आणि हे आपल्याला आता समजलंय, एवढंच त्यांना कळायला हवं."

कुणालच्या सर्टिफिकेटचं नाव पुन्हा निघालं नाही. बुवा मात्र लिहायला बसले ते शास्त्रार्थच लिहायला बसले. अधिक मास का येतो, किती महिन्यांनी येतो, त्यात शुभकार्यं का वर्ज्य, असे फुलस्केपचे तीन कागद भरले. सुमंतने ते वाचले. त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं.

"अप्पा, हे सगळं बरोबर आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पण वाचणाऱ्याला वाटेल, आपण अजून भांडतोय."

"मग तूच लिही!" म्हणून बुवा उठले आणि तरातरा घाटावर गेले.

उन्हं वर आली होती. कोणी होडी रंगवत होतं, कोणी स्वेटर घालून अंघोळीचा विचार करत होतं. बुवा पायरीवर बसले आणि त्यांना स्वतःचाच राग आला. राग चुकीबद्दल नव्हता. चूक एकदा होते. त्यांना लाज वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. मेल ऐकल्यापासून त्यांच्या मनाचा एक कोपरा खूश होता. अर्ज फेटाळला तर सुमंत इथेच राहील. सकाळी पूजेला फुलं काढून ठेवेल, रात्री शेजारी बसून जेवेल. मुलाचं लग्न आपण हौसेनं लावलं, आणि त्याचा संसार अडला तर आपल्याला बरं वाटतंय? काशीत राहून हे करायचं? बुवांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते घरी आले. सुमंत पाठशाळेत गेला होता. त्यांनी एकच कागद घेतला.

'मी दत्तात्रेय, सुमंतचा वडील. परतीची तारीख माझ्या मुलाने नाही, मी ठरवली. आमच्या पंचांगात त्या वर्षी श्रावण दोन होते, मी ते एकच महिना धरले. सहा महिने आपण कसे मोजता हे मी विचारायला हवं होतं. मला सगळं कळतं अशा समजुतीत मी विचारलं नाही. चूक माझी आहे. मुलाने अर्जात 'नाही' लिहिलं ते बापावर विश्वास ठेवून. शिक्षा व्हायची तर त्याला होऊ नये. तो गेला तर मी इथे एकटा राहीन, तरीही त्याने बायकोजवळ असावं असं मला वाटतं.'

संध्याकाळी सुमंतने ते वाचलं. त्याने खाली वाकून वडिलांच्या पायांना हात लावला, आणि बुवा म्हणाले, "हो, हो, बस. इंग्रजी नीट कर. माझं वाक्य बदलू नकोस."

भाषांतर, त्या वर्षीच्या पंचांगाची पानं आणि जुनं तिकीट असं सगळं मुदतीच्या आठ दिवस आधी गेलं. मग वाट पाहणं. शिवरात्र झाली, माघ गेला. बुवा दर सकाळी विचारायचे, "आलं काही?" आणि उत्तर ऐकण्याआधीच देवघरात जायचे.

फाल्गुन संपता संपता मेल आला. खुलासा मान्य झाला होता. व्हिसा लावण्यासाठी पासपोर्ट पाठवा, असं लिहिलं होतं.

सुमंत पाठशाळेतून अनवाणीच पळत आला. बुवांना त्याने काय सांगायचं, त्याच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं. ते रडले, भर दुपारी, दार उघडं असताना. समोरच्या प्रभावतीकाकू काय झालं म्हणून धावत आल्या.

"काही नाही हो, काकू. मुलाचं काम झालं," बुवा डोळे पुसत म्हणाले. "माझी एक घोडचूक होती. मी लिहून दिली, त्यांनी माफ केली."

काकू बघतच राहिल्या. बुवांच्या तोंडून, आणि तेही स्वतःबद्दल, चूक हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. बुवांनी मात्र तो संध्याकाळपर्यंत राजा घाटापर्यंत पोचवला. जो भेटेल त्याला थांबवून ते दोन श्रावणांची गोष्ट सांगत होते, आणि प्रत्येक वेळी आपली चूक थोडी आणखी मोठी करून सांगत होते.

पासपोर्टवर व्हिसा लागून आला. निघायच्या आठवड्यात सुमंत बॅग भरता भरता थांबला.

"अप्पा, तुम्ही एकटे कसे राहणार?"

"पाठशाळेची मुलं आहेत, काकू आहेत, विश्वनाथ आहे. तू तिकडे बायकोला काय खायला घालतोस ते बघ." बुवा त्याच्या शेजारी पलंगावर बसले. "आणि पुढच्या वर्षी मीच येतो. सहा महिने राहीन."

सुमंत हसला. "मुहूर्त बघून या."

"यायचा मुहूर्त मी बघीन," बुवा म्हणाले. "परत कधी निघायचं ते मधुवंतीला मोजायला सांग."