हे औषध आधी दिलंय का?

रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध असतं, हे मला कळलं ते लेकाच्या लग्नाची बोलणी करताना. आता बोला!

आमच्या गुरुदत्तसाठी मी आणि आमचे हे बदलापूरहून अंबरनाथला विष्णुपंतांकडे गेलो होतो. त्यांची सुनेत्रा आम्हाला पसंतच होती. मानपानाचं निघालं आणि विष्णुपंत छाती धरून सोफ्यावर कलंडले. रिक्षात घालून त्यांना उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या नर्सिंग होममध्ये नेलं.

डॉक्टर तरुण, सिंधी. म्हणाला, "हार्ट अटॅक आहे. सलाइनमधून औषध देऊ, गुठळी विरघळेल."

मला कुठलं गप्प बसवतंय! "मग बाकीचं रक्त नाही पातळ होत?"

"होता है ना, आंटी. म्हणून तर विचारून देतो." मग तो विष्णुपंतांच्या बायकोकडे, मालिनीबाईंकडे वळला. "अंकलना आधी अटॅक आलाय? हे औषध आधी दिलंय? शरीर त्याला ओळखून ठेवतं. परत दिलं तर काम करत नाही, उलट रिअ‍ॅक्शन येऊ शकते."

"छे हो, कधीच काही नाही," मालिनीबाई म्हणाल्या. पण बघत होत्या माझ्याकडे.

अगंबाई, नवरा आत तळमळतोय आणि ही माझ्याकडे का बघते? मग डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलीचं लग्न ठरेपर्यंत घरातलं दुखणं झाकायचं, ही आपली रीतच! मेली ती रीत!

नर्स बाटली घेऊन निघाली.

"थांब गं!" मी ओरडले. "विहीणबाई, आमच्या ह्यांनाही अटॅक येऊन गेलाय. आम्हीही लपवलं. झाली फिट्टंफाट. आता खरं बोला."

आमच्या ह्यांना जन्मात साधा ताप नाही. ते आ वासून बघत राहिले. मी कोपर मारल्यावर छातीला हात लावून उभे राहिले बिचारे.

मालिनीबाईंना हुंदका फुटला. "गेल्या दिवाळीत आला होता. ठाण्याला हेच दिलं होतं हो!"

डॉक्टरने ती बाटली परत पाठवली आणि दुसऱ्या जातीच्या औषधासाठी कल्याणला माणूस पिटाळला. ते येईस्तोवर माझा जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी डॉक्टर म्हणाला, "वाचले अंकल."

मालिनीबाई बाहेर आल्या, त्या थेट आमच्या ह्यांच्याकडे. हाताला धरून त्यांना बाकावर बसवलं.

"तुम्ही इतकी धावपळ केलीत, आणि तुमच्या छातीची कुणाला आठवणच नाही," म्हणाल्या. मग सुनेत्राला जवळ बोलावलं. "बाळा, ह्यांचं पथ्यपाणी आता तू सांभाळायचंस."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि मलाच रडू कोसळलं.