पुढची चाकं का फिरेनात

मित्रांनो, मढ गावात एका घरामागे करंजाच्या झाडाखाली एक निळी पिकअप गाडी उभी आहे. तिच्या हौद्यात सरपण रचलेलं असतं आणि टपावर कोंबड्या बसतात. ती जुनी गाडी म्हणजे मी. माझ्याजवळून जाणाऱ्या मुलांना वाटतं, ही जन्मापासून इथंच उभी असेल. तसं नाही. एके काळी या डोंगरात जिथं एस.टी. जात नव्हती तिथं मी जात होते.

कारखान्यात मला घडवलं तेच मुळी वाईट रस्त्यांसाठी. साध्या गाडीची मागची दोन चाकं जोर लावतात आणि पुढची नुसती फिरतात. माझी चारही चाकं जोर लावू शकत. मोठ्या गिअरशेजारी माझा एक छोटा गिअर होता, लाल बोंडाचा. तो ओढला की इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडेही जायची. पण त्याआधी ड्रायव्हरला खाली उतरावं लागे. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती होती, ती हातानं फिरवली की चाक आतल्या दांड्याशी जोडलं जाई. मेकॅनिक त्याला हब म्हणतात. सोमनाथ मात्र त्याला कुलूपच म्हणायचा.

सोमनाथ आणि गोरख हे माझे दोन मालक. माझी पहिली वर्षं एका ठेकेदाराकडे कालव्याच्या कामावर मुरूम-सिमेंट वाहण्यात गेली, मग त्यानं मला विकायला काढलं आणि या दोघांनी मिळून घेतलं. दोघं मढच्या शाळेत एका बाकावर बसलेले. सोमनाथ बौद्धवाडीतला. पिंपळवंडीला एका बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवता चालवता तो यंत्राचं दुखणं ओळखायला शिकला होता. गोरखच्या घरची भातशेती होती, आणि डोंगरावरच्या प्रत्येक वाडीत त्याची ओळख. भागी जमली तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी तोंडं वाकडी केली. गोरखची भावकी म्हणाली, याला दुसरं कुणी मिळालं नाही का. बौद्धवाडीतल्या म्हाताऱ्यांनी सोमनाथला बजावलं, गाडी तू राखशील आणि नाव त्याचं होईल. दोघांनी ते हसण्यावारी नेलं. एकच नियम ठरला. घरच्या कामाला गाडी न्यायची तर दुसऱ्याला सांगून न्यायची.

मग माझे सुखाचे दिवस आले. भाताची पोती, हिरड्याची पोती, नारायणगावच्या बाजाराला जाणारी माणसं, माहेरी निघालेल्या लेकी, सगळं मी वाहिलं. भर पावसाळ्यात तांबड्या चिखलातून मी वाडीवर पोचले की बाया माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणायच्या, "लई गुणाची गाडी हाये." मला ते फार आवडायचं.

एका पावसाळ्यात मात्र विपरीत घडलं. सोमनाथ तापानं अंथरुणावर होता, तेव्हा गोरख मला एकटाच घेऊन आंबेगावकडे गेला आणि परत आल्यावरही त्यानं सोमनाथला ते सांगितलं नाही. तापातून उठल्यावर सोमनाथनं माझ्या चाकांना लागलेली काळी माती पाहिली, ती आंबेगावकडची हे ओळखलं, पण विचारलं नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात, मढच्या वरच्या चढणीला त्यानं दोन्ही कुलपं फिरवली, लाल बोंडाचा गिअर ओढला, आणि माझी पुढची चाकं जागची हलली नाहीत. बैलांनी ओढून मला वर काढलं.

माझं काय बिघडलं हे मलाही कळत नव्हतं. पण गोरखनं काही केलं नव्हतं एवढं मला ठाऊक होतं. ते सांगायला मला तोंड नव्हतं.

सोमनाथ मला नारायणगावला चिमाजीच्या गॅरेजात घेऊन गेला. गॅरेजात गाड्यांची रांग लागलेली. चिमाजीनं खाली वाकून बॅटरीचा उजेड मारला, काही उघडलं नाही, आणि सहज बोलून गेला, "आतलं चांगलं सामान काढून जुनं टाकतेत राव हल्ली. कुनाच्या हातात दिली व्हती का गाडी?"

चिमाजी हे वाक्य विसरलाही असेल. सोमनाथ विसरला नाही. नारायणगाव ते मढ तो मला हाकत होता आणि स्टिअरिंगवरचे त्याचे हात मला परके वाटत होते.

त्या दिवसापासून किल्ली त्याच्या उशाखाली जाऊ लागली. गोरखनं गाडी नेली की परत आल्यावर सोमनाथ डिझेलच्या टाकीत काडी घालून बघे. एके दुपारी तो आपल्या मुलीची, प्रतीक्षाची नेलपॉलिशची बाटली घेऊन माझ्याखाली शिरला आणि गिअरबॉक्सच्या, शाफ्टच्या एकेका नटावर त्यानं लाल ठिपका दिला. कुणी नट फिरवला तर ठिपका तुटेल आणि चोरी कळेल, असा त्याचा हिशेब.

चार दिवसांनी गोरख टायर बघायला वाकला आणि त्याला ते ठिपके दिसले. त्याच्या मनात आलं, यानं माझ्या माघारी गाडी उघडलीय. मुद्दाम बिघाड करून ठेवलाय, म्हणजे मी कंटाळून माझा हिस्सा सोडून देईन. त्यानंही काही विचारलं नाही.

मित्रांनो, मी दोघांच्या मधे उभी होते. सीटवर दोघं शेजारी बसत, पण एक डावीकडच्या खिडकीबाहेर बघे आणि दुसरा समोर. पूर्वी मला धुवायला दोघं ओढ्यावर नेत. आता कुणीच नेईना. मी का राबू, हा विचार दोघांच्याही चेहऱ्यावर दिसायचा.

दसरा झाला. रस्ते वाळले. पुढच्या चाकांची गरज पडेना, म्हणून दुखणं तसंच राहिलं. तेव्हा नारायणगावात डोळ्यांचं शिबिर लागलं. सोमनाथची आई द्रौपदा आणि गोरखची आई साळुबाई, दोघींनाही मोतीबिंदू. वरच्या वाडीतलेही काही म्हातारे होते. गोरखच्या मोठ्या बहिणीचं, कुशाबाईचं बिऱ्हाड नुकतंच त्या वाडीत आलं होतं, आणि ऑपरेशन झालं की देखभाल एकाच जागी व्हावी म्हणून सगळ्यांनी एक रात्र तिच्याकडेच राहायचं ठरलं होतं. या कामाला नाही म्हणणं दोघांनाही शक्य नव्हतं.

ऑपरेशनं नीट झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, पट्टीला पाणी लागू द्यायचं नाही, वाकायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही. हौद्यात गवताच्या पेंढ्या आणि गोधड्या घातल्या, वर ताडपत्री बांधली. एकेका डोळ्यावर पांढरी पट्टी बांधलेली ती म्हातारी माणसं एकमेकांना टेकून बसली. मी इतकी हळू चालले की सायकलवाले मला मागे टाकून जात होते.

मढ सोडलं आणि परतीच्या पावसानं गाठलं. थोडाच वेळ पडला, पण झोडपून पडला. वाडीच्या अलीकडची चढण म्हणजे तांबडी माती. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला ओढ्याची घळ. मधोमध माझी मागची चाकं घसरली आणि माझं बूड घळीकडे सरकलं. गोरखनं हौद्यातून उडी टाकून चाकांमागे दगड लावले. पावसाची भुरभुर सुरूच होती.

सोमनाथ खाली उतरला, दोन्ही कुलपं फिरवली, लाल बोंडाचा गिअर ओढला. मागची चाकं चिखल उडवत गरगर फिरली. पुढची तशीच.

"लागत न्हाई," गोरख म्हणाला.

"लागंल कसं," सोमनाथ खिडकीतून म्हणाला. "आंबेगावला काय काढून दिलंस ते आधी सांग."

"मी काढून दिलं? आन् नटांवर लाल खुना कुनी केल्या? गाडी तू उघडलीस."

"खुना केल्या त्या तुझ्यासाठीच केल्या."

मला उलटं खाली न्यावं तर बूड घळीत जाणार होतं. उतरून चालत जावं तर ताज्या पट्ट्या, घसरडी वाट आणि वरून पाऊस. वाडीतला हौशीराम नावाचा म्हातारा पुटपुटला, "डोळा गेला समजा."

तेव्हा ताडपत्रीआडून द्रौपदा बोलली. "सोमा, बिघडलंय कुठं ते बघता येतं का न्हाई?"

"येतं," सोमनाथ म्हणाला. "पर एकानं खाली झोपाया पायजे आन् एकानं गाडीत बसून क्लच-ब्रेक सांभाळाया पायजे."

"मग झोप की. गोरख बसल गाडीत."

पुढचा शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, फिरतो की नाही ते बघायला सोमनाथला माझ्या पोटाखाली, पुढच्या चाकांच्या मधे झोपावं लागणार होतं. गाडी चालू. चढण निसरडी. दगड सरकला तर फक्त गोरखच्या पायाखालचा ब्रेक, बाकी काही नाही. आणि थोड्या वेळापूर्वी त्यानं याच गोरखला चोर ठरवलं होतं.

साळुबाईनं चाचपत हात द्रौपदाच्या मांडीवर ठेवला आणि मुलाला हाक दिली. "गोरख, ब्रेकवर पाय ठिव. हिच्या लेकाला काय झालं तर मला हिच्याशेजारी बसाया तोंड ऱ्हायचं न्हाई जल्मात."

सोमनाथनं डोक्यावरचा टॉवेल कमरेला बांधला आणि तो चिखलात उताणा माझ्याखाली सरकला. माझ्या पोटावर त्याचा श्वास लागत होता, भराभर. वर गोरखनं ब्रेकवर सगळा भार टाकला होता. बॅटरीच्या उजेडात सोमनाथला त्याचे स्वतःचे ठिपके दिसले. एकेक तपासला. एकही तुटलेला नव्हता.

मग खालूनच त्यानं विचारलं, आवाज बराच उतरलेला, "आंबेगावला कशाला गेला व्हतास रं?"

गोरखनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कुशाबाईचं घर मोडाया," गोरख म्हणाला. "डिंभ्याच्या धरनाचं पानी अंगनापातुर आलं व्हतं. दारं, वासं, जातं, सगळं भरून आनलं. ती रडत व्हती. मीबी रडलो. ते काय सांगायचं कुनाला."

"मला सांगायचं."

"तू तापानं फणफणला व्हतास. मग ऱ्हाऊन गेलं. मग तुजं तोंडच बदललं."

पाऊस ताडपत्रीवर टपटपत होता. सोमनाथ म्हणाला, "सोड क्लच, हळू."

गोरखनं क्लच सोडला, केसभर. मागची चाकं फिरली. मी थोडी हादरले आणि त्याच क्षणी गोरखनं मला ब्रेकवर घट्ट धरलं. दगड जागचा हलला नव्हता, गोरख नुसता घाबरला होता.

"शाफ्ट फिरतोय," सोमनाथ ओरडून म्हणाला. "आतलं सगळं शाबूत हाये. परत सोड." या वेळी त्यानं कड बदलून डाव्या चाकाच्या कुलपावर तळहात टेकला. आत घरघर लागत होती. बाहेरची चकती लागलेली दिसत होती, पण आतली कडी चाकात बसलेलीच नव्हती. आणि मित्रांनो, एक चाक असं मोकळं राहिलं की सगळा जोर त्याच बाजूला वाया जातो, दुसरं चाक धडधाकट असूनही ओढत नाही.

सोमनाथ बाहेर आला. दोघांनी मिळून डाव्या कुलपाचे बोल्ट सोडले. झाकण निघालं तर आत ग्रीस नव्हतंच म्हणायला हवं. रबराची रिंग विरली होती. ओढ्याचं पाणी आणि रेती आत जाऊन जुन्या ग्रीसचा डांबरासारखा गोळा झाला होता आणि त्यात कडी रुतली होती.

सोमनाथनं तो गोळा बोटावर काढून गोरखपुढे धरला. "मला वाटायचं ग्रीस तू भरतोस."

"मला वाटायचं तू भरतोस," गोरख म्हणाला.

"म्हंजी कुनी काय काढलं न्हाई," सोमनाथ म्हणाला. "कुनी काय घातलंच न्हाई."

साळुबाईनं भाकरीचा रिकामा डबा दिला. डब्यात डिझेल घेऊन दोघांनी ते कुलूप धुतलं, कडी मोकळी केली, सीटमागच्या ऑइलच्या कॅनच्या तळाशी उरलेलं इंजिन ऑइल तिला चोळलं. झाकण बसवून सोमनाथनं चकती फिरवली. आतून टक् असा आवाज आला. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून मला कसं वाटलं ते मी सांगू शकत नाही.

लाल बोंडाचा गिअर पडला. माझ्या पुढच्या चाकांनी मातीत दात रोवले. मी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरले आणि मग सरळ चढले, बैलासारखी, मान खाली घालून. हौद्यात कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी नुसते एकमेकांचे हात धरले होते. वाडीवर पोचलो तेव्हा कुशाबाई कंदील घेऊन दारात उभी होती. तिनं एकेकाची पट्टी चाचपून पाहिली. सगळ्या कोरड्या होत्या.

दोघांनी एकमेकांची माफी मागितली नाही. त्यांच्यात तशी रीत नव्हती. संशय एका दिवसात धुऊन निघाला असंही मी म्हणणार नाही. पुढेही काही दिवस किल्ली देताना सोमनाथचा हात क्षणभर अडखळायचा, आणि तो अडखळलेला गोरखला दिसायचा. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी गोरखनं जाताना सांगितलं, मी अमुक ठिकाणी चाललोय. सोमनाथनं थिनरच्या बोळ्यानं माझे सगळे लाल ठिपके पुसून टाकले. मग दरवर्षी पाऊस ओसरला की दोघं माझी दोन्ही कुलपं उघडून बसत, एक डावं, एक उजवं, आणि संध्याकाळपर्यंत गप्पा मारत.

पुढे डांबरी रस्ता वाडीपर्यंत गेला. जीपवाले वाढले, गोरखनं टोमॅटोसाठी स्वतःचा टेम्पो घेतला आणि मला विश्रांती मिळाली. तक्रार नाही माझी. गंज चढतो, तो चढणारच.

तुमच्या घरीही एखादी सायकल असेल, पाण्याची मोटर असेल, शिवणाचं मशीन असेल. वरून चालू दिसलं म्हणून आत सगळं ठीक असेल असं धरून चालू नका. अधूनमधून झाकण उघडा, तेल घाला, आणि हे काम नक्की कुणाचं ते आपसांत ठरवून घ्या. आणि एखाद्या माणसाबद्दल मनात काही आलं, तर मित्रांनो, गाडी चिखलात रुतायची वाट बघू नका. रस्ता कोरडा आहे तोवरच त्याला विचारा.