बसलेला राजा

शंभुराजला जाऊन आठ महिने झाले, तरी दर रविवारी दुपारी मानवत गावी त्याच्या वडिलांच्या दुकानामागच्या खोलीत तो बोलायचा. म्हणजे बोलायची त्याची बहीण अनुपमा, पण आवाज त्याचा.

खेळ शंभूनंच मांडलेला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोपाळ जिनिंगमध्ये कापूस तोलायचा, इथं तो मांत्रिक. राजनंदिनी शाळेत शिकवायची, इथं सेनापती. डायलिसिसला परभणीला जाता-येता एसटीत बसून शंभूनं ते राज्य वहीत उतरवलं होतं. तिथल्या विहिरी आटत चाललेल्या, जनावरं वाळत चाललेली, आणि गादीवर एक राजा डोळे मिटून बसलेला. त्याचा हात धरला की एका प्रश्नाचं उत्तर मिळायचं. त्या राज्यात तेवढीच जादू उरली होती.

शंभू गेला, वही अनुपमाकडं आली आणि राजाचा आवाजही. पहिल्यांदा तिनं सहज नक्कल केली, वाक्याच्या आधी शंभू खाकरायचा तसं खाकरून. गोपाळचा चहा हातातच राहिला. मग तिला चटकच लागली, आणि लागणार नाही तर काय होईल? आठवडाभर ती रविवारची वाट बघायची. पण हल्ली आवाज न बोलावता यायचा. गेल्या खेपेला राजनंदिनीनं फितुराचं नाव विचारलं, तर राजा म्हणाला, "किती दिस बसवून ठिवताव मला?" हे तिनं ठरवलेलं नव्हतं. घरी गेल्यावर तिनं दोन तांबे पाणी प्यायलं, तरी घसा त्याचाच वाटत होता.

भीती वाटायचीच. पण राजा गेला तर भाऊ दुसऱ्यांदा जाईल, ही भीती त्याहून मोठी. गोपाळ गादीवर हक्क सांगायला लागला की ती फासासुद्धा टाकू द्यायची नाही. "राजा जिता असताना तुला कशाला रे गादी?" म्हणून त्याला गप्प करायची.

त्या रविवारी दुकानाच्या बाजूचा पडदा सरकला आणि तिचे वडील, ईश्वरअप्पा, आत आले.

"मला बी एक इचारायचंय त्याला," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. राजनंदिनीनं सरकून जागा दिली.

"काय करावं लागतंय?"

"हात धरायचा, अप्पा," गोपाळ म्हणाला. "राजा मांडी घालून बसलाय. डोळे मिटलेत, अंगभर भस्म, डाव्या तळहातावर काळा गुळगुळीत दगड. कमरेपर्यंत बेलाची पानं. ध्यान लावून बसलाय तीन वर्सं झाली."

ईश्वरअप्पांनी त्याच्याकडं बघितलं. "ध्यान लावलंय म्हनून कुनी सांगितलं?"

गोपाळनं वही चाळली. ध्यानाचं नाव कुठंच नव्हतं. त्यानंच कधीतरी ते आपल्या मनानं म्हटलं आणि सगळे तेच धरून चालले. त्याच्या घरी माणूस गेला की आडवा, तिरडीवर, चितेवर. बसलेला माणूस म्हणजे जिता, एवढं सरळ गणित. अनुपमा मात्र लिंगायताची लेक. तिच्या घरचं प्रत्येक माणूस असंच बसवून, हातात लिंग देऊन मातीत ठेवलेलं. तिचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं कुणी म्हणालं असतं. पण खोटं कशाला बोला, राजा मेलेला आहे हे तिला कळलं होतं. वही हातात आली त्याच दिवशी कळलं होतं, आणि ती गप्प बसली होती.

"मेलेल्याला गादीवर ठिवत न्हाईत," अप्पा म्हणाले. "तितल्या हिरी उगंच आटल्या व्हय?"

मग त्यांनी अनुपमाचा हात हातात घेतला. "शंभू, लय दुखायलंय का रे अजून?"

घशात तीच खाकर आली. आवाज वर चढत होता. 'न्हाई, अप्पा' एवढे दोनच शब्द लागत होते, आणि बापाचा जीव शांत झाला असता. तिनं ओठ घट्ट मिटले.

"त्यो बोलत न्हाई, अप्पा," ती म्हणाली. "मीच बोलायले. आठ म्हैने मीच."

"ठावं हाय मला." अप्पांनी हात सोडला नाही. "तरी बी दर आइतवारी तिकडं दुकानात काट्यापाशी बसून ऱ्हायचो. आइकू वाटायचं."

अनुपमा रडायला लागली. कुणी तिला गप्प केलं नाही.

"आता माती द्या त्याला," थोड्या वेळानं अप्पा म्हणाले. "फासा टाकावा लागतोय का?"

"माती द्यायला कशाचा फासा, अप्पा," अनुपमा म्हणाली.

"मग मीच देतो."

त्यांनी रिकाम्या ओंजळीनं टेबलावर माती टाकली. एकदा, दोनदा, तीनदा. हात सरावल्यागत चालले. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी हेच केलं होतं.

आता गादी मोकळी झाली. दोन वर्षं तिच्यासाठी भांडलेला गोपाळ खाली बघत म्हणाला, "पयली माती देतो त्योच वारस. गादी अप्पाची."

राजनंदिनीनं मान हलवली. हक्कात काही खोट नव्हती.

ईश्वरअप्पा आपल्या तळहातांकडं बघत राहिले.

"पोराची गादी बापाला?" ते म्हणाले. "असलं राज्य कुनाला देऊ नगा रे."