उड्यांचा ठेका

उड्यांचा ठेका सुरू झाला तशी इकुयो खाली वाकली आणि घट्ट बांधलेली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. देवळाच्या पटांगणात रेडिओवर सकाळच्या व्यायामाचा पियानो वाजत होता, आजूबाजूला पायांची धपधप चालली होती. ठेका संपला की ती उठून सगळ्यांबरोबर हात फिरवू लागे. रोज सकाळी साडेसहाला, अकरा वर्षं. त्या नाडीला तोंड असतं तर तिने केव्हाच बोंब ठोकली असती.

व्यायाम संपल्यावर, रोज पुढे उभं राहून तो करून दाखवणाऱ्या तोकिवाबाई चौथऱ्यावरून उतरल्या. वय चौऱ्याहत्तर, पण आवाज खणखणीत.

"मला आता ही पायरी चढवत नाही. नोव्हेंबरपासून इकुयो वर उभी राहील."

"मी? नको हो, माझा गुडघा..."

"गुडघा? काल तर तांदळाचं पोतं उचलून नेत होतीस!"

सगळे हसले. ते पोतं उचलताना काय झालं होतं, हे इकुयोचं तिलाच ठाऊक. खोकला आला, शिंक आली, जड काही उचललं की लघवीचे चार थेंब निसटायचेच. धाकट्या मुलीच्या जन्मापासूनचं हे दुखणं तिने नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. आणि वाईट याचंच वाटत होतं, की तो चौथरा तिला मनापासून हवा होता.

दोन स्टेशनं पलीकडच्या गावात, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मास्क लावून, ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"पाणी कमी पिता ना?" तपासून झाल्यावर बाईंनी विचारलं.

"सकाळी पीतच नाही."

"ते आधी थांबवा. आता ऐका. लघवी अडवताना जो स्नायू आवळतो, तो आवळायचा. पाच आकडे धरायचा, मग सोडायचा. पोट सैल, श्वास चालू. रोज, तीन महिने."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर छोटी शस्त्रक्रिया आहे, आत एक पट्टी बसवतात. पण आधी हे. किती वर्षं झाली?"

"सत्तावीस."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं लिहून घेतलं, आणि इकुयोच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ती तांदूळ धुताना आवळू लागली, बसची वाट बघताना आवळू लागली. शेजारीण गप्पा मारत उभी असली तरी हिचं आतल्या आत एक, दोन, तीन चाललेलंच. रेडिओ न लागणारा हा एकच व्यायाम असावा. नवव्या आठवड्यात तिला सणसणीत शिंक आली आणि ती कोरडी गेली. इकुयो स्वयंपाकघरात एकटीच हसली. उडी मात्र अजून जमत नव्हती, आणि नोव्हेंबर तर उजाडला.

ती चौथऱ्यावर चढली. तोकिवाबाई खाली पहिल्या रांगेत उभ्या होत्या. हात वर, वाकणं, वळणं, सगळं नीट पार पडलं. मग उड्यांचा ठेका आला आणि इकुयोने समोर पाहिलं.

दोघे म्हातारे पुरुष उंच उडत होते, तिघीचौघी पोरसवदा बायकाही. बाकीच्यांत ओतानीबाई चष्मा पुसत होत्या. मासेवाल्याची बायको रुमाल शोधत होती. कोपऱ्यातली उंच बाई गुडघे जुळवून आभाळ बघत होती. खुद्द तोकिवाबाई नुसत्या टाचा उचलत होत्या. इथून शेवटची रांगसुद्धा स्वच्छ दिसत होती. तोकिवाबाईंना अकरा वर्षं तिची नाडीही दिसतच असणार.

तोकिवाबाई तिच्याकडेच बघत होत्या.

"उडी मारली की मला गळतं!" इकुयो पियानोच्या वर आवाज चढवून म्हणाली. "म्हणून मी नुसत्या टाचा उचलते. चला, एक, दोन! डॉक्टरीणबाईंचा पत्ता नंतर देते."

पियानो वाजत राहिला. ओतानीबाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि टाचा उचलल्या.